हिवतापाच्या लसींतील संश्लेषित पेप्टाइडे : प्रतिकारपेशींना पटणारी ओळख

हिवतापाच्या परजीवीतील एखाद्या प्रथिनाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत अमिनो आम्ले एकापुढे एक जोडून तयार करतात, तेव्हा त्याला संश्लेषित पेप्टाइड म्हणतात. अशी साखळी घन आधारावर बांधण्याची पद्धत रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि त्यासाठी त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तुकडा हुबेहूब बनवता येऊ लागला, पण शरीर त्याला ओळखेलच याची खात्री त्यातून मिळत नाही. प्रतिपिंडे बनवणारी बी पेशी तुकड्याचा आकार ओळखते. टी पेशीला मात्र तो दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरील एका रेणूच्या खाचेत धरून दाखवावा लागतो, आणि ही खाच माणसामाणसांत वेगवेगळी असते. पेप्टाइड लसींच्या यशापयशाचा बराचसा भाग या फरकात आहे.

सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण प्लाझमोडियम फाल्सिपॅरम या हिवतापाच्या परजीवीच्या स्पोरोझोइटवरील, म्हणजे डासातून येणाऱ्या अवस्थेवरील, आवरण-प्रथिनाचे. डास चावताना त्वचेत सोडलेले स्पोरोझोइट रक्तातून यकृताकडे जातात, तेव्हा त्यांच्या अंगावर हेच प्रथिन दाट पसरलेले असते. क्ष-किरणांनी दुबळे केलेले स्पोरोझोइट टोचले की उंदरांना संरक्षण मिळते, हे रूथ नुसेनझ्वाइग यांनी १९६७ मध्ये दाखवले होते. १९८४ मध्ये या प्रथिनाचे जनुक वाचले गेले आणि मधल्या भागात चार अमिनो आम्लांचा एकच शब्द सुमारे ४० वेळा आलेला दिसला : ॲस्परॅजिन, ॲलनिन, ॲस्परॅजिन, प्रोलिन. या अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांवरून (ॲस्परॅजिनची खूण एन) त्याला एनएएनपी म्हणतात.

बी पेशीला हा भाग फार सोयीचा आहे. प्रोलिनजवळ साखळी वळते आणि ठरावीक अंतराने तशीच लहान लहान वळणे येत राहतात. स्फटिक-अभ्यासांतून असे दिसले की वळणाचा खरा एकक एनएएनपी असा न वाचता दोन घरे सरकवून एनपीएनए असा वाचावा लागतो. बी पेशीच्या ग्राहकाला (पृष्ठभागावरील पकडणाऱ्या रेणूला) हेच वळण पकडता येते. शिवाय पुनरावृत्तीमुळे एकाच साखळीवर अनेक प्रतिपिंडे शेजारीशेजारी बसतात. काही मानवी प्रतिपिंडे तर साखळीबरोबरच शेजारच्या प्रतिपिंडालाही स्पर्श करून परस्परांना आधार देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचना-चित्रांत ती साखळीभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली दिसतात. प्रतिपिंडांची ही रांग पाहिली की परजीवीच्या प्रथिनात तेच ते शब्द असण्याचे महत्त्व पटते.

टी पेशीचा अनुभव उलटा. डेंड्रायटिक पेशी किंवा बी पेशी तुकडा गिळते, कापते आणि त्यातली एक पट्टी वर सांगितलेल्या खाचेच्या रेणूत बसवून बाहेर मांडते; माणसांत या रेणूंना एचएलए म्हणतात. मदतनीस टी पेशीसाठी असलेल्या दुसऱ्या वर्गाच्या (क्लास-२) एचएलएच्या खाचेत पट्टीतील नऊ अमिनो आम्लांचा गाभा महत्त्वाचा असतो. त्यांपैकी काही खाली खाचेच्या खोबणीत रुततात, तर बाकीची वर तोंड करून राहतात आणि टी पेशीचा ग्राहक तीच चाचपतो. बहुतेक खोबण्यांना मोठी, पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्ले लागतात. एनएएनपीमध्ये ती नाहीतच. म्हणून १९८६ च्या सुमारास उंदरांच्या ठरावीक जनुकीय वाणांनीच या पुनरावृत्तीला टी पेशींचा प्रतिसाद दिला, इतर वाण गप्प राहिले.

त्यावर उपाय म्हणून तीन पुनरावृत्त्यांचे पेप्टाइड धनुर्वाताच्या निर्विष विषाला जोडून १९८७ मध्ये स्वयंसेवकांना दिले गेले. बी पेशी पेप्टाइड पकडते, त्याला चिकटलेले धनुर्वाताचे प्रथिनही सोबत आत ओढते आणि त्याच्या पट्ट्या टी पेशीला दाखवते. बदल्यात टी पेशी तिला प्रतिपिंडे बनवायला उत्तेजन देते. ही जोडणी रासायनिक बंधाने झालेली हवी. नुसते मिश्रण केले तर दोन्ही तुकडे एकाच बी पेशीत पोहोचतील याचा भरवसा नसतो. सर्वांत चांगला प्रतिसाद दिलेल्या तिघांना पुढे संसर्ग दिला गेला. एकाला हिवताप झाला नाही, दोघांना तो उशिरा झाला. मदत परजीवीच्या नव्हे, धनुर्वाताच्या टी पेशींनी केली होती, त्यामुळे नंतर खरा परजीवी भेटला तरी त्या जाग्या होण्याचे कारण नव्हते.

कोलंबियाच्या मॅन्युएल एल्किन पातारोयो यांची एसपीएफ६६ ही याच काळातील गाजलेली लस. रक्तातील अवस्थेच्या तीन प्रथिनांचे तुकडे तिच्यात स्पोरोझोइटच्या पुनरावृत्तीतून घेतलेल्या दुव्यांनी जोडलेले होते. १९९३ मध्ये कोलंबियातून सुमारे ३९ टक्के, १९९४ मध्ये टांझानियातून ३१ टक्के संरक्षणाचे निष्कर्ष आले; पुढे गाम्बियातील तान्ह्या मुलांत आणि थायलंडमधील निर्वासित छावण्यांतील मुलांत संरक्षण दिसले नाही. वय आणि संसर्गाचे प्रमाण सगळीकडे वेगळे होते, म्हणून अपयशाचा दोष एकट्या एचएलएवर टाकता येणार नाही. पण एकाच आखूड तुकड्यावर सर्व खंडांतील लोकांसाठी विसंबणे किती जोखमीचे आहे, ते या निष्कर्षांनी दाखवले.

संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या मारक टी पेशींची बाजू गाम्बियातूनच उलगडली. १९९१ मध्ये एड्रियन हिल आणि सहकाऱ्यांना एचएलएचा बी५३ हा प्रकार असलेल्या मुलांत गंभीर हिवताप कमी दिसला. या रेणूच्या खाचेला दुसऱ्या जागी प्रोलिन हवे असते, हे कळल्यावर त्यांनी तशा पट्ट्या बनवून तपासल्या. यकृतातील अवस्थेच्या एलएसए-१ प्रथिनातील नऊ अमिनो आम्लांची एक पट्टी मुलांच्या मारक टी पेशींनी ओळखली. दुसऱ्या जागी प्रोलिन, ही एवढीशी खूण शोधाला पुरली. परजीवीही स्वस्थ नाही. आवरण-प्रथिनाच्या टोकाजवळचा टी पेशींना दिसणारा भाग वाणागणिक बदलतो, आणि १९९८ मध्ये दिसले की एकदोन अमिनो आम्ले बदललेली पट्टी मूळ पट्टीला मिळणारा प्रतिसाद दाबूनही टाकू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन लसी, २०२१ मधील आरटीएस,एस आणि २०२३ मधील ऑक्सफर्ड विद्यापीठ व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आर२१, यीस्टमध्ये वाढवलेल्या प्रथिनांच्या आहेत. त्या संश्लेषित पेप्टाइडे नाहीत. पण त्यांची आखणी पेप्टाइडांनी शिकवलेल्या धड्यांवरच झाली : बी पेशीसाठी एनएएनपीची रांग, टी पेशीसाठी प्रथिनाचे टोक, आणि दोन्ही हिपॅटायटिस-बीच्या पृष्ठप्रतिजनाला जोडून कणाच्या रूपात. पुनरावृत्तीच्या तोंडाशी असलेला जोडभाग मात्र या दोन्हींत नाही. त्याच भागाला घट्ट धरणारे सीआयएस४३ हे प्रतिपिंड सुधारित रूपात मालीतील प्रौढांना सहा महिन्यांच्या चाचणीत दिले गेले, आणि जास्त मात्रेला संसर्गापासून ८८ टक्के संरक्षण मिळाले. त्यामुळे आता जोडभागाची पेप्टाइडे कणांवर बसवून बी पेशींना दाखवण्याचे प्रयोग चालू आहेत.