सीडी वाजते, मग उतरत का नाही?

सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या मामांनी एका रविवारी कपाटातल्या चाळीसेक सीडी पेनड्राइव्हवर उतरवल्या. दुपारच्या चहापर्यंत काम फत्ते. संध्याकाळी फोन आला, "अरे, एकही गाणं वाजत नाहीये. आणि पेनड्राइव्ह तर भरलेलाच नाही!" जाऊन पाहिलं तर 'ट्रॅक०१.सीडीए', 'ट्रॅक०२.सीडीए' अशी लांबलचक रांग, आणि प्रत्येक फाइल १ केबीची. खरं तर फक्त ४४ बाइटची.

ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. विंडोज आपल्या सोयीसाठी प्रत्येक गाण्यामागे एक चिठ्ठी दाखवतं: गाणं अमुक ठिकाणी सुरू होतं, एवढा वेळ चालतं. मामांनी चाळीस पुस्तकांच्या अनुक्रमणिका तेवढ्या उतरवून आणल्या होत्या, पुस्तकं कपाटातच राहिली. गाणं हवं असेल तर ते सीडीवरून 'रिप' करावं लागतं, म्हणजे सगळा आवाज आकड्यांच्या रूपात वाचून त्याची नवी फाइल बांधावी लागते. आणि खरी कटकट तिथेच सुरू होते.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचं मानक ठरवलं, तेव्हा डोळ्यासमोर होता दिवाणखान्यातला प्लेअर. ही तबकडी कधी संगणकात घालून कोणी तिची तंतोतंत नक्कल मागेल, हा विचार त्यात नव्हता. सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं म्हणजे नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट. हे सगळं आतून बाहेर जाणाऱ्या एकाच वेटोळ्यात सूक्ष्म खळग्यांच्या रूपात कोरलेलं असतं. दोन वेटोळ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीत अशी चाळीसेक वेटोळी बसतील. सगळी उलगडली तर लांबी पाच किलोमीटरच्या वर जाते. शनिवारवाड्यापासून निघालात तर विद्यापीठाच्या चौकाच्याही पुढे!

इतक्या नाजूक गोष्टीवर ओरखडा पडूनही सीडी वाजते कशी? एक कारण भिंगाचं. लेसर १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकमधून आत जातो. खालच्या पृष्ठभागावर त्याचा ठिपका साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो आणि आत खळग्यांपाशी पोचेपर्यंत तो दोनेक मायक्रॉनवर येतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा धुळीचा कण त्याला नीट दिसतच नाही, जसा वाचताना चष्म्यावरचा बारीक कण आपल्याला दिसत नाही.

दुसरं कारण गणिताचं, आणि मला ते जास्त आवडतं. समजा, लग्नाचं वऱ्हाड शंभरेक गाड्यांतून निघालंय. शहाणा यजमान एका घरची सगळी माणसं एकाच गाडीत बसवत नाही. एखादी गाडी बंद पडलीच, तर प्रत्येक घरातलं फार तर एक माणूस मागे राहतं आणि नेमकं कोण राहिलं ते उरलेले सांगतात. सीडीवर दर २४ बाइट संगीतामागे ८ बाइट निव्वळ पडताळणीचे असतात आणि हे सगळे शंभराहून अधिक चौकटींत, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांत, विखरून ठेवलेले असतात. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या या पद्धतीमुळे मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा पूर्ण गेला तरी तो जसाच्या तसा परत मिळवता येतो. टपरीवरच्या क्यूआर कोडवर चहाचा डाग पडूनही पैसे जातात, तेही याच गणिताच्या जोरावर.

आता सीडी गोल गोल का पुसू नये, हे सांगायला नको. गोल पुसताना पडलेला चरा वेटोळ्याच्या दिशेनेच धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. केंद्राकडून कडेकडे पडलेला चरा प्रत्येक वेटोळं फक्त ओलांडून जातो. पदराने, शर्टाच्या टोकाने गरगर पुसायची आपली सवय इथे नडते. साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि हात मधून बाहेर. खालचे उथळ चरे घासून काही अंशी घालवता येतात. टूथपेस्टचा घरगुती उपाय अगदीच खोटा नाही, पण तो शेवटचा. छापील बाजूचं मात्र भयंकर असतं. माहितीचा थर खाली नसून या वरच्या बाजूला, पातळ लाखेच्या खाली असतो. तबकडी ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढी उजेडाची भोकं दिसली, तर तिथली धातूची फिल्म उडाली आहे. त्याला औषध नाही.

पण मूळ प्रश्न राहतोच: प्लेअरवर छान वाजणारी सीडी संगणकात का अडते? कारण प्लेअर सांभाळून घेतो. दुरुस्ती जमली नाही की मागच्या आणि पुढच्या नमुन्यावरून मधला अंदाजाने भरतो, तेही नाही जमलं तर क्षणभर गप्प बसतो. कानाला बहुतेक वेळा पत्ता लागत नाही. रिप करताना हा अंदाज चालत नाही. म्हणून विंडोजवरचा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा लिनक्सवरचा सीडीपॅरानोइया एकच भाग पुन्हा पुन्हा वाचून उत्तरं जुळतात का ते बघतात. एका गाण्याला वीस मिनिटं लागली तर प्रोग्रॅम बिघडलेला नसतो, तो प्रामाणिकपणे झगडत असतो.

शेवटचीच गाणी अडत असतील तर आधी वेग कमी करा. गाणी आतून बाहेर भरलेली असतात, कडेला बोटांचे ठसे जास्त, आणि तबकडी जरा डगमगली तरी ते कडेलाच जास्त जाणवतं. वाजण्याच्या नेहमीच्या वेगाच्या ४८ पटीवरून ४ पटीवर आणल्यावर मुकाट वाचल्या गेलेल्या सीडी मी पाहिल्यात. सगळ्याच सीडी अडत असतील तर दोष ड्राइव्हचा. भिंगावर धूळ असते, किंवा यूएसबीवर चालणाऱ्या पातळ ड्राइव्हला पुरेशी वीज मिळत नाही. मग तो फिरायला लागतो, अडखळतो, पुन्हा फिरतो. हब काढून थेट संगणकाला लावला की निम्म्या तक्रारी संपतात. तरी नाही जमलं तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा. तबकडी तीच असली तरी दोन ड्राइव्हच्या नजरेत फार फरक असतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला एखादा जाडजूड ड्राइव्ह मिळाला तर तो सोडू नका.

गाण्यांच्या नावांचा घोळ वेगळाच. बहुतेक सीडींवर नावं नसतातच. प्रोग्रॅम गाण्यांची संख्या आणि लांबी पाहून इंटरनेटवरच्या यादीत जुळणी शोधतो. आपल्याकडच्या शास्त्रीय सीडीवर दोन-तीनच ट्रॅक असल्याने चुकीची जुळणी सहज होते. मामांच्या एका मारव्याला कुठल्या तरी परदेशी वाद्यवृंदाचं नाव चिकटलं होतं. सरळ हाताने टाइप करावं. आणि आलाप एका ट्रॅकमध्ये, बंदिश पुढच्यात, अशी सीडी असेल तर एमपी३ करू नका. एमपी३ १,१५२ नमुन्यांचे ठरावीक गठ्ठे बांधतो, शेवटचा भरला नाही तर त्यात शांतता कोंबतो आणि जोडावर तानपुरा तुटतो. फ्लॅक या दुसऱ्या फाइलप्रकारात एकही नमुना इकडचा तिकडे होत नाही.

मामांच्या चाळीसपैकी अडतीस सीडी अशा निघाल्या. एकीच्या वरच्या बाजूला भोकं होती, ती गेलीच. राहिली ती मार्करने तारीख लिहिलेली, नात्यातल्या एका घरी झालेल्या मैफलीची घरी भरलेली सीडी. अशा तबकडीत खळगे नसतात, लेसरने डागाळलेला रंगाचा थर असतो, आणि उन्हात तो फिका पडतो. ही बरीच वर्षं खिडकीजवळच्या फळीवर होती. रिप झाली, पण अकराव्या मिनिटाला तानपुऱ्यात स्वच्छ 'टक्, टक्' असा आवाज. धुतली, वेग उतरवला, तीन ड्राइव्ह बदलले. तिन्ही फाइलींची पडताळणीची बेरीज, म्हणजे फाइली तंतोतंत एक आहेत का ते सांगणारा आकडा, अगदी सारखी आली आणि टक्‌टक् तिथेच.

शेवटी मामांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि हसले.

"अरे, तबलजी हातोडीने तबला चढवतोय. मी त्याच्या मागेच बसलो होतो."