फी थकली म्हणून कॉलेज ओरिजिनल अडकवू शकतं?

नाही. ‘आधी बाकी भरा, मग कागद न्या’ हे कॉलेजच्या खिडकीवर वर्षानुवर्षं ऐकवलं जातं, पण त्याला कायद्याचा आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या वेळी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका पडताळून लगेच परत द्यायच्या असतात. कॉलेजने ठेवायच्या त्या फक्त स्वयंसाक्षांकित, म्हणजे तुम्ही स्वतः सही केलेल्या, प्रती. शैक्षणिक प्रमाणपत्र हा तारण ठेवायचा माल नव्हे, असं मद्रास उच्च न्यायालयानेही बजावलं आहे.

याचा अर्थ फी माफ झाली असा मात्र नाही. खरी थकबाकी कॉलेज दिवाणी मार्गाने वसूल करू शकतं.

तोंडी विनवण्या करत बसू नका, तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. कागद परत मागणारा लेखी अर्ज करा. त्यात कागदांची यादी आणि बाकीची कोणती रक्कम मान्य नाही ते लिहा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. आवक विभागाने नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा, प्राचार्यांना ईमेल करा, विद्यापीठाच्या कुलसचिवांना प्रत द्या. मग यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार. कागद मिळावेत म्हणून ‘सगळी बाकी मान्य आहे’ असं हमीपत्र मात्र मुळीच लिहून देऊ नका. पुढे तेच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतं.