प्लग बसला की अडकला?

मोटरसायकलचा खोल भोकातला स्पार्क प्लग घरी बदलताना डोळ्यांचा उपयोग थोडा आणि बोटांचा जास्त. चाकणला बनणाऱ्या ड्यूक ३९०ची टाकी उतरवली तरी प्लग समोर येत नाही, तो हेडमधल्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातल्या, खड्ड्याच्या तळाशी असतो. २००३ पासूनच्या पल्सर डीटीएस-आयला दोन प्लग, हेडच्या दोन बाजूंना. एनएस २०० ला तर तीन. त्यातला एखादा तरी असा असतो की पाना कसाबसा घुसतो आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

अशा ठिकाणी नवा प्लग फिरवता फिरवता पाना जड होतो. इथेच घोळ होतो, कारण पाना जड होण्याची कारणं दोन. एक, प्लग तळाला पोचला आणि त्याचा वॉशर चेपायला लागला. दोन, प्लग तिरका शिरला आणि हेडचे आटे कापत चालला. हाताला पहिल्या क्षणी दोन्ही सारखेच लागतात. पहिल्यात पुढे फिरवायचंच असतं, दुसऱ्यात तिथल्या तिथे थांबायचं असतं. प्लगचे आटे पोलादाचे आणि हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे या झटापटीत कोण हरणार हे सांगायला नको.

फरक ओळखायचा तो जडपणा *केव्हा* आला यावरून. त्यासाठी जुना प्लग काढतानाच फेरे मोजून ठेवा. हिशोब सोपा आहे. एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या सीआर८ई मधला सी म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा आटा आणि शेवटचा ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. या जाडीच्या प्लगला एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकायला मिळतं, म्हणजे तो सतरा-अठरा फेरे तरी घेणार. डी८ईए सारखा १२ मिलिमीटरचा प्लग एका फेऱ्यात सव्वा मिलिमीटर सरकतो, तो चौदा-पंधरा फेऱ्यांत तळ गाठतो. आता नवा प्लग दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच जड झाला तर तो तळाला पोचलेला असणं शक्यच नाही. तो तिरका आहे. मोजलेले सगळे फेरे बोटांनी अलगद झाले आणि मग जड झाला, तर तो वॉशर.

जडपणाची जातही वेगळी असते. वॉशर चेपताना पाना थोडा मऊ लागतो, एकसारखा घट्ट होत जातो आणि मग ठाम उभा राहतो. तिरक्या आट्यात मऊपणा नसतो. पाना कचकचतो, जरा सुटतो, पुन्हा धरतो. तरीही शंका असेल तर उलटा फिरवून बघा. नीट बसलेला प्लग पहिल्या झटक्याला ‘कट्’ करून सुटतो आणि पुढे दोन बोटांनी फिरतो. तिरका गेलेला बाहेर येतानाही शेवटपर्यंत कुरकुरतो.

हे ओळखण्याची वेळच येऊ नये म्हणून मेकॅनिक लोक पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा वापरतात. तो प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट खोचायचा, प्लग खड्ड्यात सोडायचा आणि पाइप चिमटीत धरून फिरवायचा. प्लग तिरका असेल तर आटे कापण्याएवढा जोर पाइप देऊच शकत नाही, तो प्लगवर नुसता घसरतो. मला हे महागड्या लोहचुंबकी सॉकेटपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. सॉकेट आणि लांब दांडा लावला की हातात नको तेवढी ताकद येते आणि बोटांची जाणीव जाते. पाइप लावल्यावर आधी उलटा, डावीकडे फिरवा. बरणीचं झाकण लावताना करतो तसंच. आट्याचं तोंड सापडलं की प्लग हलकासा खाली बसल्याचं कळतं, मग उजवीकडे.

एक तिसरा प्रकार या दोघांच्या मध्ये लुडबुड करतो. प्लग सगळा व्यवस्थित जातो आणि शेवटचे पाच-सहा फेरे जड होतात. आधी कुणीतरी आखूड प्लग बसवला असेल तर असं होतं. एनजीकेच्या नंबरात लांबीच्या जागी एच असेल तर आटा १२.७ मिलिमीटरचाच. दुकानात दोन्ही प्लग शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक पटकन लक्षात येत नाही. आखूड प्लगखालचे हेडचे आटे उघडे पडतात, त्यांच्यात काजळी भरते आणि पुढचा योग्य लांबीचा प्लग तिथे अडतो. यात आटे तिरके नसतात, मळलेले असतात. जोर न लावता प्लग काढून आटे साफ करून घ्यायचे. उलट चूक, म्हणजे आखूड भोकात लांब प्लग, जास्त वाईट. तो पिस्टनवर आपटू शकतो.

प्लग तिरका गेलाच आणि लवकर कळलं, तर बहुतेक वेळा वरचे एक-दोन आटेच दुखावलेले असतात. योग्य मापाच्या टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, भरपूर ग्रीस फासून ते सरळ करता येतात. ग्रीस लागतं ते निघणारा धातूचा कीस धरून ठेवायला, नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडणार. याच कारणासाठी जुना प्लग सोडवण्याआधी खड्ड्यात हवा मारायची असते. चेन-धुळीचे आणि वाळूचे खडे तिथे हमखास साचलेले असतात. आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावी लागते, आणि ते काम वर्कशॉपला द्या. टेफ्लॉनची टेप गुंडाळून भागवणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता खरोखर तळाला पोचलेल्या प्लगचं. इंजिन थंड असू द्या. बोटांनी फिरायचा थांबला की नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा. नेमकं प्रमाण खोक्यावर चित्रासकट छापलेलं असतं. जुनाच प्लग साफ करून परत लावत असाल तर त्याचा वॉशर आधीच चेपलेला आहे, त्याला जेमतेम एक बारांश फेरा. घड्याळात एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर काटा जातो तेवढंच. आटे जातील या भीतीने सैल सोडणंही बरं नाही. प्लगची उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये उतरते, सैल प्लग तापून लाल होतो.

किती जोराने आवळलं ते मोजणारा टॉर्क पाना असेल तर १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ च्या प्लगला १५ ते २०. हे आकडे कोरड्या आट्यांसाठी आहेत. ग्रीस किंवा आटे जाम होऊ नयेत म्हणून मिळणारं अँटी-सीझ लावलं तर त्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो. शेजाऱ्याकडून चारचाकीच्या चाकाचे नट आवळायचा टॉर्क पाना मात्र आणू नका. त्यातल्या बऱ्याच पान्यांची मोजपट्टीच २८ किंवा ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होते. त्याच्या ‘टक्’ची वाट बघत बसलात तर त्याआधी हेडचे आटे निघून येतील.