चुलत की मावस, ते आकडा सांगत नाही

डीएनए टेस्टचा रिझल्ट आला की लोक आधी आकडाच बघतात. अमुक माणसाशी 870 सेंटीमॉर्गन (किती डीएनए जुळतो ते मोजायचं एकक) शेअर, म्हणजे सख्खा चुलतभाऊ, झालं, लगेच मेसेज. अहो पण तेवढेच मावसभावाशी निघतात, मामेबहिणीशी निघतात, आतेभावाशीही निघतात, आणि पणजोबांची टेस्ट केली असेल तर त्यांच्याशीसुद्धा! मराठीत या नात्यांना वेगवेगळे शब्द आहेत, टेस्टला सगळे सारखेच. शिवाय 870 ही सरासरी, प्रत्यक्षात 400 पासून 1400 पर्यंत काहीही येऊ शकतं, कारण आईवडील डीएनए देताना आधी पत्ते पिसतात आणि मग अर्धेच वाटतात, त्यात कोणाच्या हातात काय येईल याचा नेम नाही. दोघांचे पणजोबा एक असतील तर सरासरी 230 वर येते, खापरपणजोबा एक असतील तर 70 च्या आसपास, आणि त्यातल्या दहापैकी एका जोडीत तर टेस्टला सापडेल असं काहीच उरलेलं नसतं. नातं मात्र खरंच असतं.

मग आईकडचा की वडिलांकडचा, ही बाजू कशी कळणार? तर शेअर्ड मॅचवरून, म्हणजे ज्याचा डीएनए तुमच्याशीही जुळतो आणि तुमच्या एखाद्या नातेवाइकाशीही, अशा माणसावरून. समजा तुमच्या सख्ख्या मावशीने टेस्ट केलीय आणि तो अनोळखी माणूस तिच्याही यादीत आहे, तर तो बहुतेक आईकडचा. उलटं मात्र चालत नाही हं. लांबचा मॅच काकाच्या यादीत दिसला नाही म्हणून तो वडिलांकडचा नाही असं होत नाही, वडिलांना मिळालेला डीएनएचा तुकडा काकाला मिळालाच नसेल. काही साइट तर 20 सेंटीमॉर्गनच्या खालचे कॉमन मॅच दाखवतच नाहीत.

आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: तुम्ही, ब आणि क तिघं एकमेकांचे मॅच, म्हणजे तिघांचा पूर्वज एकच. असं काही नसतं! ब तुमच्या आईकडून, क वडिलांकडून आणि ब-क एकमेकांचे तिसऱ्याच घराण्यातून, हेही होतं. म्हणून तुकडा बघायचा. समजा 5 नंबरच्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) एकाच जागी ब पण जुळतोय आणि क पण, तरी त्या जागी ब आणि क आपसात जुळतात का ते तपासावंच लागतं, कारण प्रत्येक क्रोमोसोमच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईची एक वडिलांची, आणि ब एकीवर अन् क दुसरीवर बसलेला असू शकतो. तिघं तिथेच आपसात जुळले तर त्याला ट्रँग्युलेशन म्हणतात, मग एका पूर्वजाचा संशय घ्यायला हरकत नाही. पण 7 सेंटीमॉर्गनपेक्षा छोट्या तुकड्यांवर मी तरी वेळ घालवत नाही, त्यात बरेच नुसते योगायोग निघतात.

ज्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या आपापसातच लग्नं झालीत तिथे तर बेरीज उगाच फुगते, दहा वाटांनी आलेले बारके तुकडे मिळून 100 सेंटीमॉर्गन होतात आणि माणूस जवळचा वाटतो. तिथे बेरीज सोडा, सगळ्यात लांब तुकडा किती आहे ते बघा. तोच 12 चा असेल तर नातं बरंच मागे गेलेलं असणार.