संधिप्रकाशातले खडक आणि ‘३.०’चा घोळ

जळगाव-धुळ्याहून कोकणातले खडक टिपायला निघालेल्यांच्या बॅगेत लेन्सपुढे लावून प्रकाश कमी करणारी एक काळी काच हमखास असते: एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) फिल्टर. ती लावली की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि लाटा धुक्यासारख्या पसरतात. घोळ होतो तो तिच्यावरच्या आकड्याचा.

काच किती प्रकाश अडवते हे सांगायच्या तीन रीती आहेत. घनतेच्या रीतीत ०.३ म्हणजे प्रकाश निम्मा, कारण हिशेब लॉगरिदमचा (दहाचा ०.३ घात म्हणजे साधारण दोन). दुसरी पटीची: २, ४, ८, ६४, १०००. तिसरी स्टॉपची: दर स्टॉपला प्रकाश निम्मा. म्हणजे ०.९, एनडी ८ आणि ३ स्टॉप ही एकच काच, ३.०, एनडी १००० आणि १० स्टॉप ही दुसरी. तीन स्टॉपची हवी म्हणून ‘३.०’ उचलली की प्रकाश आठपटीऐवजी हजारपट घटतो. आकडा छापताना सोबत रीत न छापणाऱ्यांनी हा गोंधळ वाढवला, असंच म्हणावं लागेल.

मुळात गरज उलटी होती. १८५० च्या दशकातल्या ओल्या कोलोडियनच्या काचा, म्हणजे रसायनाचा थर ओला असतानाच वापरायच्या निगेटिव्ह, निळ्याला फार संवेदनशील. समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक. त्यामुळे समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून एक प्रिंट काढत. तेव्हा लाट गोठवणं ही करामत होती, आज ती धुक्यासारखी पसरवणं. पुढे फिल्मवर सेकंदापलीकडे संवेदनशीलता घसरायची, म्हणून मीटरने (प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने) दाखवलेल्या वेळेत भर घालावी लागे.

डिजिटलमध्ये ती भानगड गेली, पण घड्याळाची आली. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जायला आपल्याकडे २२-२४ मिनिटं लागतात. तेवढ्यात प्रकाश जवळपास ७ स्टॉप उतरतो, म्हणजे दर तीन-साडेतीन मिनिटांना एक. सूर्यास्ताला मीटर पाव सेकंद दाखवत असेल तर दहा स्टॉपच्या काचेने एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं ठेवायची वेळ, २५६ सेकंद होतं. तेवढ्यात अंधार वाढतो आणि फ्रेम काळवंडते. त्यात लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नको असलेले ठिपके घालवायची सोय) चालू राहिलं, तर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून दुसरी फ्रेम घेतो. साडेआठ मिनिटं एका फोटोत गेली!

ही दहा स्टॉपची काच खरी दिवसाउजेडाची. सूर्यास्ताच्या सुरुवातीला ०.९ पुरते. पाव तासाने तीही काढावी. एफ ११ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला बिनफिल्टरच्या लेन्सवरच दहाएक सेकंद मिळतात.

मोबाइलवर सूर्यास्त जळगावचा पाहून गणित मांडू नये. कोकण किनाऱ्यावरच्या हरिहरेश्वरला तो डिसेंबरात साधारण पाव तास उशिरा होतो, जूनमध्ये चारेक मिनिटं. भरतीची वेळही तिथलीच बघावी. हरिहरेश्वरचा जाळीदार खडकांचा सपाट कट्टा भरतीत पाण्याखाली जातो.