व्हीपीएनचा वेग: मोजली ती लाइन की सॉफ्टवेअर?

व्हीपीएनची (इंटरनेटवरची वाहतूक एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती बसवली, ब्राउझरमध्ये स्पीड टेस्ट चालवली आणि आकडा वाढलेला दिसला, की सुधारणा सिद्ध झाली असे मानले जाते. वास्तविक त्या आकड्यात वाय-फाय, इंटरनेट पुरवठादाराची लाइन, व्हीपीएन सर्व्हरवरची त्या घटकेची गर्दी आणि चाचणी घेणारा सर्व्हर या सगळ्यांचा वाटा असतो, आणि त्यांतला जो टप्पा सर्वांत अरुंद असेल त्याचाच वेग पडद्यावर उमटतो. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) लाइनवर जुनी आवृत्ती 90 दाखवत असेल, तर दुप्पट कार्यक्षम झालेली नवी आवृत्तीही 90च दाखवील.

सॉफ्टवेअरची थ्रूपुट चाचणी, म्हणजे सेकंदाला किती डेटा पार होतो याची मोजणी, ही निराळी गोष्ट आहे. तीत दोन संगणक एकाच स्विचला केबलने जोडून आयपर्फ3 हे वेग मोजणारे साधन आधी बोगद्याविना (व्हीपीएनच्या एन्क्रिप्ट केलेल्या मार्गाविना) आणि मग बोगद्यातून चालवतात. गिगाबिट इथरनेटवर टीसीपीचा (पोचपावती घेत डेटा पाठवणाऱ्या पद्धतीचा) आकडा बोगद्याविना साधारण 941 एमबीपीएस येतो. वायरगार्ड या व्हीपीएनमधून, एमटीयू (एका पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, कमाल आकार) 1420 बाइट असताना, तो फार तर 900च्या आसपास जातो. ही घट सॉफ्टवेअरच्या मंदपणाची नव्हे, कारण आयपीव्ही4 वर (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) प्रत्येक पॅकेटला 60 बाइटांचे जादा वेष्टन लागते. आजचे प्रोसेसर गिगाबिट सहज भरून काढत असल्याने इथेही पुन्हा तारच मोजली जाण्याचा धोका आहे, आणि म्हणून 10 गिगाबिटची जोडणी घेणे माझ्या मते योग्य.

खरा भार पॅकेटांच्या संख्येचा असतो. पूर्ण आकाराची पॅकेटे धरली, तरी 1 जीबीपीएसला सेकंदाला सुमारे 81 हजार पॅकेटे होतात. त्यांतले प्रत्येक एन्क्रिप्ट करावे लागते, आणि व्हीपीएन कर्नलबाहेर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबाहेर) चालत असेल तर ते कर्नलमधून प्रोग्रॅमकडे व तिथून परत न्यावे लागते. 2020 मध्ये लिनक्स 5.6 मध्ये आलेले वायरगार्ड आणि 2023 च्या ओपनव्हीपीएन 2.6 या दुसऱ्या व्हीपीएनमधील डेटा चॅनल ऑफलोड (डेटाचे काम कर्नलकडे सोपवणे) यांनी हीच ये-जा टाळली. कर्नलबाहेरच राहिलेली काही सॉफ्टवेअरे अनेक पॅकेटे एकाच सिस्टिम कॉलमध्ये (कर्नलला केलेल्या विनंतीत) उरकतात. त्यामुळे एमबीपीएसच्या आकड्याइतकेच लक्ष प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरच्या वापरावर हवे. एक कोअर 100 टक्क्यांवर अडकला असून बाकीचे मोकळे असतील, तर मर्यादा बहुधा सॉफ्टवेअरची असते. सगळेच निवांत असतील, तर ती अन्यत्र शोधावी.

यूडीपी (पोचपावतीविना डेटा पाठवण्याची पद्धत) चाचणीत -b हा वेग ठरवणारा पर्याय दिला नाही, तर आयपर्फ3 स्वतःहून 1 एमबीपीएसवरच थांबते, आणि तो आकडा पाहून निष्कारण व्हीपीएनला दोष दिला जातो. एक प्रवाह आणि -P ने केलेले अनेक प्रवाह यांचे निकाल वेगळे नोंदवावेत, -R ने उलट दिशाही तपासावी, आणि जुनी व नवी आवृत्ती आलटूनपालटून चालवावी, म्हणजे प्रोसेसर तापून मंदावला तरी त्याचा फटका दोघींना सारखाच बसतो.