चिपमधला प्रवाह कसा मोजतो: नमुना पाठवण्यापूर्वी वाचावे

सिरिंज पंपावरचा आकडा म्हणजेच चिपमधल्या (बारीक नलिका कोरलेल्या छोट्या पट्टीतल्या) द्रवाचा वेग, असे बरेच ग्राहक धरून चालतात. तो आकडा फक्त सरासरी सांगतो. १०० मायक्रॉन रुंद आणि ५० मायक्रॉन खोल नलिकेत मिनिटाला ०.३ मायक्रोलिटर पाणी सोडले, तर सरासरी वेग सेकंदाला १ मिलिमीटर येतो. प्रत्यक्षात मध्यभागी तो जवळपास दुप्पट आणि भिंतीला लागून शून्य असतो. वळणावर, सांध्यावर, अडथळ्याच्या मागे काय चालले आहे, ते पंपाला कळत नाही. पेशी अडकतात त्या मात्र बहुधा तिथेच.

आम्ही वापरतो ती पद्धत मायक्रो-पीआयव्ही, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या छायाचित्रांवरून वेग मोजणे. अमेरिकेत सांतियागो, एड्रियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये मांडली. द्रवात पॉलिस्टायरिनचे चमकणारे कण मिसळायचे आणि सूक्ष्मदर्शकातून ठरावीक अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची. संगणक छायाचित्राचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला कणांचा समूह किती सरकला ते जुळवून काढतो. त्या अंतराला मधल्या वेळाने भागले की वेग मिळतो. कण ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरखाली नारिंगी-तांबडे चमकतात. फिल्टर हिरवा प्रकाश अडवतो आणि भिंतींची चकाकी नाहीशी होते. इथे संपूर्ण नलिका उजळते, त्यामुळे किती जाडीचा थर मोजला जाईल हे मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचे नमुन्याजवळचे भिंग) आणि कणाचा आकार ठरवतात. खोल नलिकेत फोकसबाहेरचे कण धुके करतात, म्हणून कण बेताचेच घालतो.

आमचा सर्वाधिक वेळ जातो तो ब्राउनियन हालचालीमुळे, म्हणजे द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी कण स्वैर भरकटण्यामुळे. २०० नॅनोमीटरचा कण पाण्यात एका मिलिसेकंदात कोणत्याही एका दिशेत सुमारे ७० नॅनोमीटर आपोआप भरकटतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला १०० मायक्रॉन असेल, तर तेवढ्याच वेळात प्रवाह कणाला १०० नॅनोमीटर नेतो. म्हणजे छायाचित्रांच्या एका जोडीवरून काढलेला वेगाचा बाण जवळजवळ निरुपयोगी. दोन छायाचित्रांमधला वेळ वाढवला तर फायदा होतो: प्रवाहाने कापलेले अंतर वेळेच्या प्रमाणात वाढते, भरकटणे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मात्र कण चौकोनाच्या पाव भागापेक्षा जास्त सरकला तर जुळणी बिघडते. म्हणून अनेक जोड्यांच्या जुळणीची सरासरी घेतो, आणि त्यासाठी प्रवाह स्थिर हवा. तो ठोके घेत असेल, तर पंपाकडून सिग्नल द्या. प्रत्येक ठोक्याच्या त्याच क्षणी छायाचित्र घेता येते.

चिप पाठवताना एक बाजू पारदर्शक असू द्या, शक्यतो ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हर काचेची. १ मिलिमीटरच्या स्लाइडमधून जास्त क्षमतेचे ऑब्जेक्टिव्ह नलिकेपर्यंत फोकसच करू शकत नाही. सिलिकॉनच्या चिपला वरून काच असेल तरी चालते. पीडीएमएसची (रबरासारख्या मऊ सिलिकोनची) नलिका दाबाखाली फुगते, त्यामुळे आपण प्रत्यक्ष वापरता तोच दाब कळवा. द्रव गाळून, त्यातली हवा काढून द्या. बफरमधले (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातले) क्षार किती आहेत हेही लिहा, कारण मीठ जास्त झाले की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात.

विद्युतक्षेत्राने द्रव हलवत असाल तर आधी आमच्याशी बोला. कणांवर स्वतःचा विद्युतभार असतो, त्यामुळे क्षेत्र त्यांना वेगळे ओढते आणि कणाचा वेग हा द्रवाचा वेग राहत नाही. तो परिणाम वेगळा मोजून वजा केल्याशिवाय आम्ही अहवाल देत नाही.

अहवालात वेगाचा नकाशा, प्रत्येक बिंदूवरची अनिश्चितता आणि मूळ छायाचित्रे मिळतात. आपल्याला फक्त एकूण प्रवाहदर हवा असेल, तर आमच्याकडे येण्याची गरज नाही. नलिकेच्या तोंडाशी बसणारा फ्लो सेन्सर ते काम कितीतरी स्वस्तात करतो.